सासूबाईंचं इन्फ्युजन मुंबईलाच हवं का?

पत्राचा सारांश : गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. सासूबाई ६१ वर्षांच्या, सहा वर्षांपासून र्‍हुमॅटॉइड संधिवात. नुसत्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी भागेना, म्हणून मुंबईच्या संधिवाततज्ज्ञांनी इन्फ्लिक्सिमॅब हे औषध शिरेतून, म्हणजे इन्फ्युजनने, सुरू केलं. मोठ्या रुग्णालयात चार डोस झाले, बोटांची सूज उतरली, सासूबाई आपली वेणी आपण घालू लागल्या. आता दर आठ आठवड्यांनी एक डोस आहे. तज्ज्ञ म्हणतात, पुढचे डोस चिपळूणच्या फिजिशियनकडे घेतले तरी चालतील. डोंबिवलीचे दीर म्हणतात, आईच्या बाबतीत धोका नको, मुंबईलाच आणा. शेजारी म्हणतात, सलाईनच तर आहे, गावातल्या डॉक्टरांकडे लावून घ्या. चौथा डोस रेल्वेचं तिकीट न मिळाल्यामुळे अडीच आठवडे लांबला होता. ताई विचारतात, 'मी माझी सोय बघते आहे आणि त्यापायी आईंचा जीव धोक्यात घालते आहे का?'

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेलात : चौथा डोस अडीच आठवडे लांबला. तिथूनच सुरुवात करू.

इन्फ्लिक्सिमॅब हे प्रथिनाचं औषध आहे आणि त्याचा काही भाग उंदराच्या प्रथिनापासून घेतलेला आहे. त्यामुळे शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. डोस वेळच्या वेळी मिळाले की रक्तातली पातळी टिकते आणि हे कमी घडतं. डोसांत मोठे खंड पडले, की औषध हळूहळू लागू पडेनासं होतं आणि पुढच्या डोसाला रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यताही वाढते. सासूबाईंची मेथोट्रेक्सेट चालू ठेवली आहे त्याचं एक कारण हेच. 'आता सुई चालू आहे, मग गोळी कशाला' असं म्हणून ती परस्पर बंद करू नका. आणि ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

म्हणजे सोय आणि सुरक्षितता या दोन गोष्टी तुम्ही समजता तशा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या नाहीत. दर आठ आठवड्यांनी म्हणजे वर्षातून सहा-सात फेऱ्या. त्यातली एक गणपतीच्या गर्दीत येणार, एक शिमग्याच्या आसपास, एक-दोन भर पावसात, जेव्हा कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर चालते आणि परशुराम घाटात दरड आली की महामार्ग अडतो. पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या चिपळुणात जो डोस ठरल्या दिवशी मिळेल, तो मुंबईत हुकण्याची शक्यता खरीच जास्त आहे. जवळच्या दवाखान्याचा पहिला फायदा हा आहे. आराम, ओळखीचे चेहरे, कमी खर्च हे सगळं त्याच्या मागून येतं.

आता दिरांचं म्हणणं. त्यांची काळजी खोटी नाही. मोठ्या रुग्णालयात एका मजल्यावर आयसीयू असतो, रात्री-अपरात्री डॉक्टर असतात, औषधाची साठवण नीट असते. पण इन्फ्युजनच्या दोन तासांत माणसाला वाचवतं ते काय, हे नेमकं बघायला हवं. रिअ‍ॅक्शन आलीच तर बहुतेक वेळा सलाईन चालू असताना किंवा संपल्यावर तास-दोन तासांत येते. त्या वेळी कोणाचं तरी लक्ष पेशंटवर असलं पाहिजे, त्या माणसाला थेंब थांबवायचे कळलं पाहिजे, अ‍ॅड्रेनॅलिन (जिवावरच्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) हाताशी असलं पाहिजे आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असले पाहिजेत. या चार गोष्टी गजबजलेल्या डे-केअर वॉर्डात अर्धवट असू शकतात आणि चांगल्या फिजिशियनच्या दोन खाटांच्या खोलीत पूर्ण असू शकतात. उलटही असतं. म्हणून 'मुंबई की चिपळूण' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि चिपळूणची ती खोली स्वतः जाऊन बघा. डोसाच्या दिवशी नको, आधी एकदा, सकाळच्या वेळी.

काय बघायचं? पहिलं, इन्फ्युजन चालू असताना डॉक्टर इमारतीत थांबणार का? 'मी लावून देतो आणि व्हिजिटला जाऊन येतो' असं उत्तर आलं तर ती जागा या औषधासाठी नाही. दुसरं, नर्स कोण आहे आणि तिने हे किंवा असलं बायोलॉजिक, म्हणजे प्रथिनाचं, औषध पूर्वी दिलं आहे का? मोकळेपणाने विचारा, चांगल्या दवाखान्यात या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही. तिसरं, खाटेजवळ ऑक्सिजन, बीपीचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर आणि इमर्जन्सी ट्रे आहे का? ट्रे उघडून दाखवायला सांगा. त्यात अ‍ॅड्रेनॅलिनचे अँप्युल हवेत आणि त्यांची मुदत संपलेली नको.

अ‍ॅड्रेनॅलिनवर थोडं थांबते, कारण गडबड इथेच होते. अंगावर पित्त उठलं, की आपल्याकडे हात आपोआप एविल (अ‍ॅलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे जातो. साध्या खाजेला ते ठीक आहे. पण घशात सूज, दम लागणं, आवाज बसणं, बीपी पडणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं यांपैकी काही दिसलं तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिनच. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलातलं अर्धं मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. पेशंटला आडवं ठेवून पाय उंच करायचे. घाबरून उठवून बसवायचं नाही, चालवत बाथरूमला तर मुळीच न्यायचं नाही, कारण बीपी पडलेलं असताना उभं करणंच घातक ठरू शकतं. फारच दम लागत असेल तर पाठीला टेकू देऊन बसवतात, ते डॉक्टर ठरवतील. एविल आणि स्टेरॉइड नंतर. तुम्ही डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एवढाच : 'रिअ‍ॅक्शन आली तर तुम्ही सगळ्यात आधी काय देता?' उत्तरावरून तुम्हाला त्या खोलीबद्दल पुष्कळ कळेल. त्याबरोबर हेही विचारा, की पेशंटला पुढे हलवायची वेळ आली तर कोणत्या आयसीयूत नेणार आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात. १०८ ची रुग्णवाहिका आहेच, पण ती येईपर्यंतची मिनिटं त्या खोलीने सांभाळायची आहेत.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं उत्तरही यातच आलं. गावातले डॉक्टर रात्री तापाच्या पोराला बघायला धावतात, त्यांची गरज आहेच. पण त्यांच्याकडे दोन तास मॉनिटर करणारी नर्स नाही, ऑक्सिजन नाही, म्हणून हे औषध तिथे नको. 'सलाईनच तर आहे' हे वाक्य तर कोकणात घराघरांत ऐकू येतं. अशक्तपणा वाटला की एक बाटली. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. ज्याला तोंडाने पेज पिता येते त्याला त्यातून ताकद मिळत नाही. इन्फ्लिक्सिमॅब दिसायला तशाच बाटलीतून येतं, साम्य तेवढंच.

आता औषधाकडे येऊ, कारण लहान गावात या उपचाराची खरी कसोटी सुई टोचण्याच्या आधीच लागते. पावडरच्या १०० मिलिग्रॅमच्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. गोठलं की औषध वाया, आणि गोठून वितळलेली कुपी नुसती बघून ओळखता येईलच असं नाही. घरच्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे बहुतेक गोठतो. मासे आणि बर्फ ठेवायला तो कप्पा आपण जोरात चालवतो, तेव्हा तर हमखास. दारात ठेवलं तर उघड-मीट होऊन तापतं. वीज गेली तर बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो, त्यापुढे नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून माझा आग्रह असा, की कुप्या घरी ठेवूच नका. स्टॉकिस्टकडून थेट दवाखान्यात, डोसाच्या एक-दोन दिवस आधी, थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅकसह मागवाव्यात. जेल पॅक कुपीला चिकटलेला नको, मध्ये पुठ्ठा किंवा कापड हवं. दवाखान्याच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का, त्याला इन्व्हर्टर आहे का, आणि चिपळूण आहे म्हणून हेही विचारा, की फ्रीज तळमजल्यावर आहे का. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं होतं, ते तिथल्या कोणालाही विचारलं तरी भिंतीवर हात ठेवून दाखवतील. जुलै-ऑगस्टमधल्या डोसाची औषधं आधी आणून साठवू नयेत आणि तारीख ठरवताना चार दिवस मागेपुढे जागा ठेवावी. दोन-चार दिवसांनी बहुधा बिघडत नाही, पण तेही तज्ज्ञांना फोनवर विचारून. तुमचे झाले तसे अडीच आठवडे मात्र पुन्हा नकोत.

कुप्या आल्या की बिल, बॅच नंबर आणि मुदत यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ब्रँड आधीचाच आहे ना ते बघा. या औषधाचे बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले तुल्य ब्रँड, आपल्याकडे मिळतात आणि ते वापरायला हरकत नसते, पण ब्रँड बदलायचा तर तज्ज्ञांच्या संमतीने, दुकानात आहे तो द्या असं म्हणून नाही. सासूबाईंचं वजन तुम्ही ५४ किलो लिहिलं आहे. संधिवातात सुरुवातीचा नेहमीचा डोस किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे १६२ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कुप्या. काही डॉक्टर दोन्ही पूर्ण वापरतात, काही मोजून देतात, ते त्यांनी ठरवायचं. उरलेलं 'पुढच्या वेळी वापरू' म्हणून कधीही ठेवायचं नाही. त्यात जंतू वाढू न देणारं काही घातलेलं नसतं.

पावडर विरघळवण्याची पद्धत नर्सला माहीत असायला हवी. तुम्हालाही माहीत असली तर बरं. प्रत्येक कुपीत १० मिली स्टेराइल पाणी, धार काचेच्या भिंतीवर सोडायची. कुपी हातात गोल फिरवायची, हलवायची नाही. जोरात हलवली की फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. पाच मिनिटं तशीच ठेवायची. मग २५० मिली नॉर्मल सलाईनच्या बाटलीतून तेवढंच सलाईन काढून टाकून त्या जागी हे औषध घालायचं. नॉर्मल सलाईनच, डेक्स्ट्रोज किंवा डीएनएस (साखर-मिठाचं सलाईन) नाही. मिसळल्यावर तीन तासांच्या आत सुरू करायचं, म्हणून तुम्ही पोचण्याआधी कोणी तयार करून ठेवू नये. चिपळूणला पोचलात, वजन-ताप-बीपी झालं, डॉक्टरांनी 'द्या' म्हटलं, की मग कुपी फोडायची.

आणि फिल्टर. या औषधाला सलाईनच्या नळीत १.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचा, प्रथिन धरून न ठेवणारा इन-लाइन फिल्टर लागतो. लहान दवाखान्यात सर्वाधिक राहून जाणारी वस्तू हीच, कारण रोजच्या सलाईनला ती लागत नाही आणि गावातल्या मेडिकलमध्ये ती नसते. औषधाच्या ऑर्डरबरोबरच फिल्टरही मागवा, आणि दोन मागवा. एक फाटला किंवा त्यात हवा अडकली तर भर दुपारी दुसरा कुठून आणणार?

डोसाच्या दिवसाबद्दल. पहिली वेळ मागून घ्या, ओपीडी भरायच्या आधीची. सासूबाईंची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम कमी केलेली आहे आणि फिजिशियनच्या बाकड्यावर सकाळी दहानंतर खोकणारी, तापलेली माणसं असतात. मोठ्या रुग्णालयापेक्षा दवाखान्यात जंतुसंसर्ग कमी हे म्हणणं तेव्हाच खरं, जेव्हा इन्फ्युजनची खोली वेगळी असते. निघताना पोटभर नाश्ता, भरपूर पाणी, सैल बाह्यांचं पोलकं. पाणी प्यायलेलं असलं की शीर लवकर सापडते. बोटं आणि मनगटं सुजणाऱ्या माणसाला मनगटाजवळची सुई त्रास देते, तेव्हा कोपराच्या खाली, पुढच्या हातावर इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावायला सांगा. दर आठ आठवड्यांनी तीच नर्स असेल तर कोणती शीर चांगली हे तिला पाठ होतं. रोज बदलणाऱ्या ड्युट्यांच्या रुग्णालयात हे सुख नसतं, आणि ज्याला एका डोसासाठी चार वेळा टोचलं आहे त्याला विचारा ते किती मोठं असतं.

सुई लावण्याआधी दर वेळी काही प्रश्न विचारलेच गेले पाहिजेत : ताप आहे का, दोन आठवड्यांहून जुना खोकला, वजन घटणं, लघवीला जळजळ, पायाला जखम, गळू, दाढेचं दुखणं, चालताना नव्याने दम, पायांवर सूज. कोणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. या औषधाने दबलेला क्षयरोग उसळू शकतो, म्हणून सुरुवातीला छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी झालेली असेल, तशीच हिपॅटायटिस बीचीही. ते रिपोर्ट चिपळूणच्या फाइलमध्ये हवेत. ताप असेल तर डोस त्या दिवशी देत नाहीत. भातलावणीच्या दिवसांत सासूबाई अनवाणी चिखलात उतरत असतील तर ते थांबवा, निदान गमबूट आणि पायावर चीर नसणं एवढं तरी बघा. लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्या भागात दर पावसाळ्यात असतो आणि त्यांच्यासाठी तो जास्त धोक्याचा आहे. ताप आला तर 'उद्या बघू' नको, त्याच दिवशी डॉक्टर.

थेंब सुरुवातीला सावकाश. सगळी बाटली दोन तासांपेक्षा आधी संपता कामा नये. १ मिलीला २० थेंब असा सेट असेल तर दोन तासांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडतो, आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं त्याहून बराच कमी हवा. घड्याळ लावून मोजा, त्यात संकोच करू नका. उशीर होतोय, शेवटची गाडी जाईल म्हणून चक्री सैल करणं हे रिअ‍ॅक्शनला आमंत्रण आहे. बीपी आणि नाडी पहिल्या पंधरा मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने, आणि ती कागदावर लिहिलेली हवी. अंगाला खाज, तोंडावर लाली, छातीत भरून आल्यासारखं, थंडी वाजणं, पाठ दुखणं : यांपैकी काही वाटलं तर लगेच सांगायचं. आमच्या आयाबायांची 'जाऊ दे, होईल बरं' ही सवय इथे नडते. सासूबाईंना आधीच बजावून ठेवा, की सांगितलं म्हणून कोणी रागावणार नाही. काही वाटलं की पहिली कृती एकच, थेंब बंद. सुई काढायची नाही, ती शीर पुढे लागते.

संपल्यावर निदान एक तास तिथेच, दोन झाले तर उत्तम. आधी पॅरासिटामॉल-एविल दिलं असेल तर गुंगी येते, म्हणून परतीला दुचाकी नको. एसटी असेल तर दुपारचीच धरा, अंधार व्हायच्या आत घरी पोचाल अशी. नंतरच्या दोन आठवड्यांत ताप, पुरळ, सांधे एकदम आखडणं, घसा दुखून गिळायला त्रास असं काही झालं तर ती उशिरा येणारी रिअ‍ॅक्शन असू शकते. ती संधिवाताची उसळी समजून घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका, फोन करा.

चिपळूणला कोणाचं चालणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. अगदी पहिला डोस, पूर्वी मोठी रिअ‍ॅक्शन येऊन गेलेली असणं, मोठ्या खंडानंतर, विशेषतः १६ आठवड्यांहून अधिक काळाने पुन्हा सुरुवात, हृदयाचं पंपिंग थोडं कमी असणं : अशांनी आयसीयू असलेल्या ठिकाणीच जावं. पंपिंग बरंच कमी असेल तर हे औषध सहसा देतच नाहीत. तुमच्या सासूबाईंचे चार डोस निर्धोक झाले आहेत आणि तज्ज्ञांनी स्वतः मोकळीक दिली आहे. मला चिपळूण योग्य वाटतं, वर सांगितलेली खोली तशी असेल तर.

पैशांबद्दल फार आशा धरू नका. खर्चाचा मोठा वाटा औषधाचा आहे आणि ते कुठेही घ्या, त्याच भावाच्या आसपास पडतं. वाचतं ते खाटेचं भाडं, प्रवास, मुंबईतला मुक्काम आणि तुमच्या यजमानांचा बुडालेला रोज. औषध कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना असतात, त्याबद्दल तज्ज्ञांच्या दवाखान्यात विचारा. विम्याचं मात्र आधी बघाच. दिरांच्या कंपनीच्या पॉलिसीत आई आहेत असं तुम्ही लिहिलंत. पॉलिसीच्या व्याख्येत दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात 'हॉस्पिटल' म्हणजे निदान १० खाटा, आणि 'डे-केअर सेंटर' म्हणजे स्वतःचं ऑपरेशन थिएटर असलेली जागा. नुसत्या कन्सल्टिंग रूममधलं इन्फ्युजन ओपीडीत धरून दावा नाकारला जाऊ शकतो. मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं (इन्फ्लिक्सिमॅब त्यांतलंच) विम्यातून वगळू नयेत असा विमा नियामकाचा नियम आहे, पण त्यावर कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते. दिरांनी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं 'हो होईल' दावा भरताना उपयोगी पडत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही अंगीकृत रुग्णालयातच चालते, दवाखान्यात नाही.

इथे एक मधला रस्ता आहे, तो तुमच्या पत्रात नव्हता. आपल्याकडे पुष्कळ फिजिशियन स्वतःचा दवाखाना चालवतात आणि जवळच्या नोंदणीकृत नर्सिंग होममध्येही पेशंट बघतात. तेच डॉक्टर, तेच अंतर, पण दहाहून जास्त खाटा, शेजारी आयसीयू आणि विम्याला चालेल असा कागद. थोडं भाडं जास्त पडेल. दिरांचं मन आणि टीपीएचा नियम दोन्ही यात बसतील. मी तुमच्या जागी असते तर चिपळूणचा पहिला डोस असा घेतला असता आणि पुढचे दवाखान्यात. शिवाय तज्ज्ञांना हेही विचारा, की त्वचेखाली घ्यायचं अ‍ॅडॅलिम्युमॅबसारखं इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम, त्यांना चालेल का. त्याला दोन तास खाटेवर लागत नाहीत, पण घरात भरवशाचा फ्रीज लागतो आणि सुजलेल्या बोटांनी स्वतःला टोचणं सगळ्यांना जमत नाही. सध्याचं औषध लागू पडतं आहे, ते नुसत्या प्रवासापायी बदलावं असं मला वाटत नाही.

ताई, पत्रात दिरांचं मत आहे, शेजाऱ्यांचं आहे, तुमचं आहे. सासूबाईंचं नाही. त्यांना विचारलंत का? कदाचित त्यांना मुंबईची दगदग नको असेल आणि 'तुमचा खर्च होतो' म्हणून बोलत नसतील. कदाचित त्या निमित्ताने धाकट्या मुलाकडे चार दिवस राहायला मिळतं, हेच त्यांना हवं असेल. तसं असेल तर वर्षातून दोन डोस मुंबईला, तज्ज्ञांच्या तपासणीबरोबर, आणि बाकीचे चिपळूणला असं जमवता येईल. सहा महिन्यांतून एकदा तज्ज्ञांनी सांधे हाताने चाचपून बघणं लागणारच आहे, ते चिपळुणात डोस घेऊन टळत नाही.

दिरांशी वाद घालू नका. मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा, एखादा डोस त्याच दिवसांत येत असेल तर, त्यांना बरोबर न्या. आईच्या उशाशी दोन तास त्यांनाच बसू दे, ट्रे त्यांनाच दाखवा. लांबून वाटणारी भीती वादाने जात नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. दवाखान्यात शिरेतून घेतली जाणारी सगळी औषधं सारखी नसतात. रक्त कमी असलेल्यांना दिलं जाणारं लोहाचं औषध, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, १५ मिनिटांत जातं, नंतर अर्धा तास थांबायचं. सुई शिरेबाहेर सरकली तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो फार दिवस राहतो, म्हणून हात हलवायचा नाही आणि जळजळ झाली की लगेच सांगायचं. हाडं ठिसूळ झालेल्यांचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम, निदान १५ मिनिटं. त्याआधी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासलेलं हवं, पाणी भरपूर, दाढ काढायची असेल तर आधी. पहिल्या डोसानंतर दोन-तीन दिवस ताप-अंगदुखी होते, तिला घाबरू नये. ही दोन्ही फिजिशियनकडे आरामात होतात. संधिवातातच वापरलं जाणारं दुसरं औषध, रिटुक्सिमॅब, त्याचा पहिला डोस मात्र चार तासांहून जास्त चालतो आणि त्याच पहिल्या वेळी रिअ‍ॅक्शन जास्त येतात, तो रुग्णालयातच घ्यावा.

तुमच्यासाठी आता पहिलं काम, ताई : मुंबईला फोन करून तज्ज्ञांकडून चिपळूणच्या डॉक्टरांच्या नावे पत्र मागवा. तोंडी परवानगी पुरत नाही. त्यात निदान, औषधाचं नाव आणि ब्रँड, मिलिग्रॅममध्ये डोस, किती आठवड्यांनी, थेंबांचा वेग, आधी काय द्यायचं, झालेल्या चार डोसांच्या तारखा आणि त्या वेळी काही त्रास झाला का, टीबी आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या किती दिवसांनी, डोस केव्हा द्यायचा नाही, आणि अडचण आली तर उचलला जाईल असा फोन नंबर, एवढं असू दे. चौथा डोस उशिरा झाला हे त्यांना आठवणीने सांगा, म्हणजे पाचव्याची तारीख ते त्या हिशेबाने देतील. ती मिळाली की त्याच दिवशी चिपळूणला वेळ घ्या आणि स्टॉकिस्टला दोन कुप्या आणि दोन फिल्टर सांगून ठेवा.